अणुशक्ती आणि ऋणविचार

मनुष्य देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच जन्मास येतो, असे आपल्या धर्मशास्त्राने मानले. परंतु ही तिन्ही ऋणे आपल्या आधीच्यांची आहेत, आणि जे अद्याप जन्मासच आलेले नाहीत त्यांचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न विजेच्या युगाने आपल्यापुढे कधी नव्हे इतक्या निकडीने आणून ठेवला आहे.

दौंडचा शेतकरी रात्रीची लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची तमा न बाळगता, भीमेकाठच्या उसाला पाणी द्यावयास जातो आणि स्टार्टरचे हिरवे बटण दाबतो, तेव्हा मोटारीत उतरणारी वीज चंद्रपूरच्या कोळशाची की तारापूरच्या युरेनियमची, हे ना त्याला सांगता येईल, ना महावितरणाच्या दप्तराला. मागे उरणारे अवशेष मात्र अगदी भिन्न जातीचे असतात. कोळशाची राख निदान बंधाऱ्यात तरी साठते. त्याचा कर्बवायू साऱ्या पृथ्वीवर पसरतो, शतकानुशतके टिकतो, आणि त्याला ना सातबारा, ना मालक, ना जामीन. उलट, एक किलो युरेनियम-२३५ संपूर्ण विखंडित झाले, तर सुमारे तीन हजार टन उत्तम कोळशाइतकी, म्हणजे दौंड जंक्शनावरून जाणाऱ्या जवळजवळ अख्ख्या मालगाडीइतकी उष्णता देते. आणि त्याचे अवशेष इतके अल्प असतात की त्यांतील अतितीव्र किरणोत्सारी भाग काचेत गोठवून, मोजून, पहाऱ्यात ठेवता येतो. १९६९ साली तारापूर सुरू झाले तेव्हा स्वस्ताईची चर्चा पुष्कळ झाली; मला अणुशक्तीचा श्रेष्ठ गुण हा वाटतो की तिचे ऋण खतावणीत मांडता येते.

ते ऋण लहान नव्हे. त्या अवशेषांतील प्लुटोनियम-२३९चे अर्धायुष्य सुमारे चोवीस हजार वर्षांचे, आणि मराठीचे जुने शिलालेख हजारेक वर्षांचे. इतक्या दीर्घ मुदतीची कबुलायत कोणत्या सरकारने कोणास लिहून द्यावी? होमी भाभांच्या त्रिस्तरीय अणुशक्ती योजनेत याच प्लुटोनियमला पुन्हा इंधन करण्याची तजवीज होती, म्हणजे वारसांच्या माथी पडणारा भार आपल्याच हातून काही अंशी फेडण्याचा मार्ग होता, आणि तो मला केवळ तांत्रिक नव्हे तर धर्म्य वाटतो.

तथापि अजून न जन्मलेल्यांची चिंता वाहताना शेजारच्या जिवंत माणसाचा विसर पडता कामा नये. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. स्वतःची गावे पाण्याखाली गेलेल्या धरणग्रस्तांच्या वसाहती दौंड-शिरूर तालुक्यांत आहेत. त्यामुळे उठवले जाणे म्हणजे काय, हे आम्हां दौंडकरांस दुसऱ्याकडून शिकावयाचे नाही. जैतापूरचा नियोजित अणुप्रकल्प व्हावा असे माझे निश्चित मत आहे. पण तेथील मच्छीमारांची मासेमारीची वहिवाट आणि प्रकल्पाच्या जागेवरील माडबन गावच्या जमिनींचा मोबदला यांचा निवाडा पहिले काँक्रीट पडण्यापूर्वी व्हावा, आणि ही मागणी केवळ माडबनकरांनी नव्हे, तर ती वीज वापरणाऱ्या आपण सर्वांनी सरकारदरबारी करावी.