पाऊल कुठे पडतंय

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटात आर्चेस नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तांबूस वालुकाश्माच्या २००० हून जास्त नैसर्गिक कमानी तिथे आहेत. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांत शिरतं, थंडीत गोठून फुगतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटत जातात. हे काम अजून थांबलेलं नाही. लँडस्केप आर्च ही तिथली सर्वात लांब कमान, नव्वद मीटरच्या आसपास. १९९१ साली तिचा एक मोठा तुकडा निखळून पडला. तेव्हापासून तिच्याखालची वाट बंद आहे.

असं काही समोर असलं की माणूस मान वर करूनच चालणार. तिथले रेंजर मात्र खाली बघायला सांगतात. वाटेच्या कडेला वाळूवर काळपट, खडबडीत थर दिसतो. वाटतं, नुसती वाळलेली माती. पण तो जिवंत असतो. सूक्ष्म जीव, शेवाळ आणि आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्या दगडफुलाचे भाऊबंद मिळून तो तयार करतात. ओल मिळाली की त्या सूक्ष्म जीवांचे चिकट धागे वाळूचे कण धरून ठेवतात. म्हणून वाऱ्याने माती उडत नाही आणि झुडपांना मूळ धरता येतं. त्यावर एक पाऊल पडलं की थर मोडतो. पुन्हा धरायला कित्येक वर्षं जातात.

म्हणून तिथे चालायचं ते उघड्या कातळावरून, नाहीतर ओढ्याच्या कोरड्या पात्रातून. कातळावर वाट कळावी म्हणून दगडांच्या लहान लगोऱ्या रचलेल्या असतात. वाट सोडणारा काही वाईट नसतो. बिचारा फोटोसाठी चार पावलं आत जातो. पण मागून येणाऱ्याला ते ठसे दिसतात आणि वाटतं, इथूनच जायचं असेल. बघता बघता तिथे नवी पायवाट पडते.

आपल्या रोजच्या वाटेवरही कुणाचं तरी काम पायाखाली असतंच. सोसायटीच्या बागेत नुकतीच लावलेली हिरवळ, दारापुढची ताजी रांगोळी, आत्ताच पुसलेला जिना. घाईत ते दिसत नाही, इतकंच. आज निघताना जिना ओला असेल तर कडेकडेने उतरा. नाहीतर, ‘मावशी, सुकू द्या, मी थांबते,’ असं म्हणून मिनिटभर थांबा. एवढ्याने बस काही चुकत नाही.