सोडून देण्याची तयारी

“खायचा नसेल, तर धरायचा कशाला?”

माझ्या अक्काने हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या मुलाच्या हातात गळ होता आणि तिच्या हातात चवळीच्या शेंगा. २०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस, शाळेच्या सुट्टीत, मी तिच्याबरोबर बॉस्टनजवळ भाच्याच्या घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे भाचा आयुष्यात प्रथमच स्ट्राइप्ड बास धरायला केप कॉडच्या कालव्यावर निघायचा होता. जेवणाच्या टेबलावर त्याने सामानाचा बाजार मांडला होता. दोन तुकड्यांत जोडायची दहा फुटी काठी, रीळ, विणलेला दोरा, शिशाची वजने, फिरक्या, डोक्याला बांधायचा दिवा, शेवाळलेल्या खडकांवर पाय घसरू नये म्हणून तळाला खिळे असलेले बूट. आणि एका पिशवीत, बर्फात, बांगड्याचे भाऊबंद. ज्याला आपण तिखटमीठ लावून पानात वाढतो, तो तिथे आमिष म्हणून कापला जातो! अक्काने तुळशीची माळ घातल्याला बारा वर्षे झाली. तरी त्या पिशवीकडे तिची नजर दोनदा गेलेली मी पाहिली.

हा बास आपल्याकडच्या जिताड्याची आठवण करून देतो. रुपेरी अंग, भक्कम शेपूट, खाडीच्या तोंडाशी दबा धरून बसण्याची तीच खोड. मात्र याच्या कुशीवर शाईने ओळी आखाव्यात तसे सात-आठ काळे पट्टे असतात. आणि संसाराची रीत उलटी. जिताडा अंडी घालायला नदीतून खाऱ्या पाण्याकडे उतरतो. हा समुद्रातून गोड्या पाण्यात चढतो. चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत आणि हडसन नदीत वसंतात वीण झाली, की मोठे मासे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे निघतात. मेच्या अखेरीस ते कालव्यावर पोचतात. तेवढ्यासाठी शहाणीसुरती माणसे रात्री तीनचा गजर लावून झोपतात.

भाच्याने सामानातून एक फीत काढली. “मामा, नियम असा आहे, की दिवसाला एकच मासा ठेवायचा. तोही अठ्ठावीस इंचांहून कमी नको, आणि एकतीस इंच भरला तर तोही नको.”

धाकट्यांना सोडावे हे मला कळत होते. थोरल्यांना का? तर मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते; ती गेली की पुढची बिदागीच गेली. म्हणजे ज्या माशाबद्दल जन्मभर बढाई मारता येईल, नेमका तोच परत द्यायचा. माणसाच्या अहंकाराला तीन इंचांच्या खिडकीत बसवणारा हा कायदा मला मोठा गमतीचा वाटला.

मग त्याने गळ दाखवला. साध्या गळाचे टोक वर पाहते. याचे टोक आत, दांड्याकडे वळलेले. माशाने आमिष गिळले तरी दोरा ताणताच हा घशात न रुतता घसरत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. अटलांटिक किनाऱ्यावर आमिष लावून बास धरायचा, तर २०२१पासून याच गळाची सक्ती आहे. पण याला झटका दिलेला चालत नाही. दोरा थरथरला की हात आवरायचा आणि शांतपणे रीळ गुंडाळायचे. खाडीवर वाढलेला माझा हात तर थरथर लागताच आपोआप वर जातो! भाचा टेबलाच्या कडेला काठी टेकवून झटका न देण्याचा सराव करीत होता, आणि तेवढ्यात अक्काचा तो प्रश्न आला.

“सोडणार आहे मी, आई. सगळे सोडणार आहे. एकही मारणार नाही.” त्याच्या स्वरात थोडे पुण्य होते.

“मग त्याला उगाच घाबरवायचं ते कशापायी? भूक असती तर गोष्ट वेगळी.”

मी मध्ये पडलो नाही. पडण्याचा मला अधिकारही नव्हता. मी दहा-अकरा वर्षांचा असताना कुंडलिकेच्या खाडीत गरवायला गेलो होतो. एक तांबोशी लागली; वीतभरसुद्धा नसेल. गळ तिने पार आत गिळला होता. सोडवता येईना, आणि एवढीशी घरी नेली तर मित्र हसतील म्हणून मी दातांनी दोरा तोडला आणि तिला पाण्यात टाकले. ती पोहत गेली. घरी येऊन मी आईला मोठ्या दिमाखात सांगितले, की एक मासा मी सोडून दिला. आईने सारे विचारून घेतले आणि एवढेच म्हणाली, “आणला असतास तर आमटीत तरी पडला असता.” त्या वेळी तिचे बोलणे मला निष्ठुर वाटले होते.

आपण सोडून देण्याला फार लवकर दया म्हणतो. क्षमाही म्हणतो. पण क्षमा करायला माशाने अपराध तरी काय केलेला असतो? स्ट्राइप्ड बासचा हिशेब ठेवणारे तज्ज्ञ असे धरून चालतात, की सोडलेल्या शंभरांपैकी नऊ मासे नंतर मरतात. नऊ म्हणजे थोडेच, असे वाटते. परंतु सोडणारे हात लाखो असले, की त्या नवांचा डोंगर होतो. २०१७ साली हौशी लोकांनी घरी नेलेल्या बासपेक्षा त्यांनी सोडल्यावर मेलेले बास संख्येने अधिक होते, असा त्यांचा अंदाज निघाला. ते मरण कुणाच्या डोळ्यांसमोर घडत नाही. मासा शेपटी हलवून गेला, की आपले समाधान पुरे.

याचा अर्थ अक्काच बरोबर असा मी काढणार होतो. पण तेही सोपे नाही. भूक लागली म्हणून धरले, एवढ्याने माणूस निर्दोष होत असता तर १६३९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीला बास खत म्हणून शेतात घालू नये असा हुकूम काढावा लागला नसता. पुढे १६७०मध्ये शेजारच्या प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या मासेमारीचे उत्पन्न एका मोफत शाळेला लावून दिले. (शिक्षकाच्या पगाराला माशाचा वास येणे ही कल्पना मला तरी अपमानास्पद वाटत नाही, आमच्या पगाराला कसलाच वास येण्याइतका तो घरात टिकत नाही.) तरीही तीनशे वर्षांनी माशांचा दुष्काळ पडलाच, आणि १९८५ ते १९९० मेरिलंड राज्याने बास धरणे पूर्णपणे बंद ठेवले. त्यानंतर मासा परतला. आता पुन्हा ओढ लागली आहे. खाणारे आणि खेळणारे, दोघांचे हात त्यात होते.

मला त्या रात्री टेबलावर दुसरेच काही दिसले. पाण्याकाठी माणूस विचार करीत नाही. काठी वाकली की रक्त उसळते आणि शास्त्रार्थ संपतो. जो काही विवेक करायचा तो आदल्या रात्री, कोरड्या हातांनी करावा लागतो. बारीक दोऱ्यावर मोठा मासा खेळवण्यात मर्दुमकी मानतात. पण तो जितका वेळ झुंजतो तितका थकतो, आणि थकलेला मासा सोडूनही वाचेलच असे नाही. भाच्याने बारीक दोऱ्याचे रीळ बाजूला सारून जाड दोऱ्याचे घेतले. त्याने पक्कड उचलली आणि गळांच्या टोकामागचा उलटा काटा एकेक करून दाबून सपाट केला. हे कुणी सक्तीने सांगितलेले नव्हते. असा गळ चटकन निघतो. मासाही चटकन निसटतो. मी तसे म्हणालो, तर म्हणाला, “निसटू दे ना मामा.” माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, हे त्याने आपल्यालाच बजावल्यासारखे दोनदा म्हटले.

मग मी त्याला खाडीतल्या तांबोशीची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे ती मी कुणालाच सांगितली नव्हती. त्याने हातातला गळ खाली ठेवला.

“आणि यानेही आत गिळला तर? रक्त येत असेल तर?”

“मापात बसत असेल तर ठेव.”

“आणि मापात नसेल तर?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कायदा म्हणतो, सोड. आई म्हणाली असती, आण. दोघांनाही मी वाईट म्हणू शकत नव्हतो. भाचा बराच वेळ त्या फितीवरचे अठ्ठावीस आणि एकतीस हे दोन आकडे अंगठ्याने चाचपत राहिला.

अक्काने शेंगा संपवल्या, हात धुतले. कोपऱ्यातली निळी पेटी तिने ओढून पुढे घेतली. ती त्याने सामानात घेतलेलीच नव्हती. शीतकपाटातला सगळा बर्फ तिने त्यात ओतला आणि झाकण लावले.

“ही घेऊन जा. लागली नाही तर बर्फ विरघळेल, दुसरं काय!”

साडेतीनला मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. मी खिडकीशी गेलो. अंधारात भाचा मागचे दार उघडून पेटी आत सरकवीत होता.