सस्पेन्स खातं

प्रत्येक पत्रकाराच्या टेबलाच्या खणात एक अपुरी कादंबरी असते, असं म्हणतात. वरच्या खणात लोकांची निवेदनं, मधल्या खणात तंबाखूची डबी आणि सगळ्यात खाली, जुन्या अंकांच्या गठ्ठ्याखाली, कादंबरी. बँकेतल्या माणसाच्या खणात स्टॅम्प पॅड, टाचण्या आणि कुणीतरी विसरून गेलेलं पासबुक सापडेल. कादंबरी सापडायची नाही. कादंबरी लिहायची म्हणजे जे घडलंच नाही ते घडलं म्हणून लिहायचं. आमच्याकडे असं लिहिणाऱ्याला कादंबरीकार म्हणत नाहीत. त्याची खात्यामार्फत चौकशी लावतात.

तसं पाहिलं तर पत्रकाराचंही तेच. कोण, कुठं, कधी, कसं आणि किती, यांच्या बाहेर त्यानं पाऊल टाकायचं नाही. आणि एक दिवस हाच गृहस्थ उठतो आणि न सुटलेला वारा सुटला म्हणून लिहितो, न आलेला पाहुणा दारात उभा करतो. अरुण साधूंनी बातमीदारी करता करता ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिली. १९७९ साली त्यांवरून सिनेमा निघाला, तेव्हा ‘हा मंत्री म्हणजे अमुकच’ अशा पैजा लागल्या होत्या म्हणे. म्हणजे बातमी वाचून ‘यात काय खरं असायचंय!’ म्हणणारा माणूस कादंबरी वाचून ‘हे अगदी खरं आहे’ म्हणतो! वाचकांचा हा हिशेब मला आजवर जुळलेला नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एका दैनिकाचे वार्ताहर राहतात. रविवारी चहाला येतात. गेल्या पावसाळ्यात ते एक प्रश्न घेऊन आले. बँकवाला माणूस पैशापैशाचा चोख असतो, तेव्हा नीतीच्या बाबतीतही असेल, असा त्यांचा समज. अकरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका बाईनं त्यांना दोन तास बसून आपली हकीकत सांगितली होती. भावांनी गोड बोलून तिच्याकडून जमिनीचं हक्कसोडपत्र कसं लिहून घेतलं, सही करताना कुणी पाणी आणून दिलं, कुणी खाली मान घातली, सगळं. आणि निघताना दारात म्हणाली, “भाऊ, हे छापू नका हं. माहेर तुटेल.” यांनी वही मिटली. छापलं नाही. आता तीच बाई यांच्या कादंबरीची नायिका झाली होती. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, जमीन पाच एकरांची सात केली होती.

“पेपरात छापू नका म्हणाली होती ती,” ते म्हणाले. “कादंबरीबद्दल काही बोलली नव्हती.”

मी म्हटलं, “विचार करून सांगतो.” बँकेत या वाक्यावर माणसाला सहा महिने थांबवता येतं.

पण यांनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. बातमीदारीतून कादंबरीकडे गेलेला सगळ्यांत मोठा माणूस म्हणून ते गाब्रिएल गार्सिया मार्केझ या कोलंबियाच्या लेखकाचं नाव जपमाळेसारखं घेत. म्हणून मी मार्केझचं चरित्र वाचायला घेतलं, आणि हा माणूस मला एकदम जवळचा वाटला. साहित्यामुळे नव्हे, तारणामुळे. १९५०च्या सुमारास हा बरँकिया गावात वर्तमानपत्रात सदर लिहायचा आणि एका भलत्याच वस्तीतल्या हॉटेलात राहायचा. रात्रीच्या भाड्याला पैसे नसले की आपल्या कादंबरीचं हस्तलिखित दारावरच्या माणसाकडे तारण ठेवायचा. तो माणूस ते ठेवून घ्यायचा! आमच्या शाखेत हस्तलिखितावर कर्ज मागायला कुणी आला, तर त्याला पाणी देऊन घरी पाठवतील. आणि नंतर अर्जेंटिनातल्या एका प्रकाशनसंस्थेनं तेच हस्तलिखित परत पाठवलं, वर लेखकाला दुसरा एखादा धंदा बघायचा सल्ला दिला. म्हणजे जगातला पहिला अचूक मूल्यमापक तो दरवान.

ती कादंबरी शेवटी १९५५ साली निघाली. त्याच वर्षी हा बोगोटात ‘एल एस्पेक्तादोर’मध्ये बातमीदार होता, आणि तिथं त्यानं एका खलाशाची हकीकत लिहिली. नौदलाच्या जहाजावरून आठ जण समुद्रात पडले. एकटा लुईस अलेहांद्रो वेलास्को दहा दिवस तराफ्यावर तरंगत जिवंत किनाऱ्याला लागला. सरकारनं त्याला वीर ठरवलं आणि सांगितलं की वादळ झालं. मार्केझनं त्याला तासन् तास बोलतं केलं आणि चौदा भागांत सगळं छापलं. त्यात निघालं ते असं की वादळबिदळ काही नव्हतं. जहाजाच्या डेकवर चोरटा माल लादला होता, फ्रिज आणि धुलाई यंत्रं. लाटेनं तो सुटला आणि माणसं गेली. लष्करी राजवट होती. पुढच्या वर्षी पेपर बंद पडला, तेव्हा मार्केझ पॅरिसमध्ये होता आणि तिथंच बिनपगारी अडकला. खरं लिहिल्याचं व्याज म्हणतात ते हे. चक्रवाढ.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. दिवसअखेर एखादी रक्कम कुणाची हेच कळेनासं झालं की ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. लेजरं जाऊन कॉम्प्युटर आले, पण हे खातं काही गेलं नाही. मला वाटतं प्रत्येक बातमीदाराचं असं एक खातं असतं. छापता येत नाही आणि विसरताही येत नाही, अशा गोष्टी त्यात पडून राहतात. कादंबरी म्हणजे त्या खात्याचा निपटारा. पण निपटारा करताना रक्कम ज्याची त्याच्या खात्यात जायला हवी, आपल्या नव्हे. गोम तिथंच आहे.

मार्केझच्या सस्पेन्स खात्यात १९५१चा एक खून होता. त्याच्या ओळखीतल्या एका तरुणाला गावच्या चौकात मारलं होतं, तेही अख्ख्या गावाला आधी माहीत असताना. बातमीदाराला हे लिहायचं होतं. आईनं अडवलं. मेलेल्या मुलाची आई जिवंत आहे तोवर लिहायचं नाही. आणि हा जगप्रसिद्ध माणूस थांबला! १९६७ साली ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’नं दुनिया जिंकून झाल्यावरही थांबला. ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ आली ती १९८१ साली, तब्बल तीस वर्षांनी. इतकी चांगली संपादक त्याला कुठल्या पेपरात मिळाली नसेल. आमच्या आईनं ‘रात्री दही खाऊ नकोस’ म्हटलेलं मी तीन दिवस पाळलं नाही.

हे मी वार्ताहरांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, “पण शेवटी लिहिलंच ना!” हेही खरंच. शिवाय मेलेल्याची आई गेली म्हणून बाकीचे थोडेच गेले होते? ज्या नवऱ्याच्या मोडलेल्या लग्नापासून ते प्रकरण सुरू झालं, तो गृहस्थ पुढे कोर्टात गेला. गोष्ट माझी आहे, नफ्यातला अर्धा वाटा द्या. २०११ साली निकाल मार्केझच्या बाजूनं लागला. वेलास्कोचंही तसंच. त्याच्या हकीकतीचं पुस्तक १९७०मध्ये निघालं, तेव्हा मार्केझनं त्याची रॉयल्टी आपणहून त्याला दिली. पुढे दोघांचं बिनसलं, हक्कांवरून कोर्टबाजी झाली, तीही खलाशी हरला.

कायद्याप्रमाणे बरोबरच आहे. हकीकत जगणाऱ्याची, पुस्तक लिहिणाऱ्याचं. लाख लोक जगतात, त्यातलं वाचावंसं वाटेल असं एखादाच लिहितो, मेहनत त्याची. मला हे पटतं. आणि ती दारात उभी राहून ‘माहेर तुटेल’ म्हणणारी बाई आठवली की पटत नाही. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही.

मी वार्ताहरांना असंच काहीसं दोन्ही बाजूंनी सांगत होतो. बायको चहा घेऊन आली. तिनं कादंबरीची पहिली दोन प्रकरणं वाचली होती, आवडलीही होती.

“छान लिहिलंय भावजी,” ती म्हणाली. “सही करतानाचं ते पाण्याचं भांडं तर अगदी डोळ्यांपुढे येतं. तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलंत का तुम्ही?”

वार्ताहरांनी कप खाली ठेवला. “वहिनी, तसं नाही हो...” म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना.

त्या रविवारी ते बिस्किटाला न शिवता गेले. पुढच्या शनिवारी एस.टी.नं त्या गावी जाऊन तिला भेटायचं ठरवलंय, असं सांगून गेले. मध्ये दोन शनिवार पावसात गेले, एक निवडणुकीत गेला. परवा भाजी बाजारात दिसले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिसरं प्रकरण मात्र अजून आमच्याकडे वाचायला आलेलं नाही, आणि बायको त्याची वाट बघते आहे.