नवे भाग, जुनी गाडी : अवयव, संयोग आणि सरळ चाल

जुन्या पिकअपचे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश किंवा कमान पाटे बदलले की बसवलेला प्रत्येक भाग नवा आणि निर्दोष असतो. तरीही गाडी पुष्कळदा सरळ चालत नाही. ती एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग तिरके धरावे लागते आणि पुढचे टायर कडेने झिजू लागतात. गॅरेजच्या भाषेत गाडी टायर खाते. दोष कुठल्या भागात आहे हे शोधू गेल्यास एकाही भागात तो सापडत नाही, कारण तो भागांच्या परस्परसंबंधात असतो. भारतीय दर्शनांतल्या एका जुन्या वादाशी हा अनुभव थेट जोडलेला आहे. अवयवांनी बनलेली पूर्ण वस्तू, म्हणजे अवयवी, ही अवयवांहून वेगळी आहे की अवयवांच्या गोळाबेरजेचेच ते एक नाव आहे? बौद्धांनी या वादात रथाचे उदाहरण घेतले. अलाइनमेंटचा प्रश्न त्याच उदाहरणाला एक नवी कसोटी लावतो.

नवी मुंबईत ही दुरुस्ती नित्याची आहे. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतून निघणारा कांदा-बटाटा आणि भाजीपाला, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांचा माल, कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारातले सामान यांची आसपासची वाहतूक मोठ्या प्रमाणावर पिकअपवर चालते. जादा भार, पावसाळ्यातले खड्डे आणि घाटातली चढउतार यांमुळे स्टेअरिंगचे सांधे आधी सैल होतात. मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र नवे करून घ्यावे लागते. त्या तपासणीत स्टेअरिंगही पाहिले जाते. त्यामुळे जुन्या गाडीच्या मालकाला भाग बदलणे चुकत नाही, आणि भाग बदलल्यावर अलाइनमेंटही चुकवता येत नाही.

अलाइनमेंट म्हणजे चाके एकमेकांशी, गाडीच्या मध्यरेषेशी आणि रस्त्याशी कोणत्या कोनात उभी आहेत याची जुळणी. तिच्यात तीन मापे मुख्य आहेत. वरून पाहिल्यावर पुढच्या दोन चाकांची पुढची टोके आत किंवा बाहेर किती वळली आहेत हे टो सांगतो. समोरून पाहिल्यावर चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर किती कलले आहे तो कॅम्बर. बाजूने पाहिल्यावर, चाक ज्या आसाभोवती वळते तो आस मागे किंवा पुढे किती झुकला आहे तो कॅस्टर. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप मध्यावर येते ते मुख्यतः कॅस्टरमुळे. पुढेही अखंड ॲक्सल आणि कमान पाटे असलेल्या पिकअपमध्ये कॅम्बर ॲक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. कॅस्टर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून बदलता येतो. रोज जुळवायचा उरतो तो टो. पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असलेल्या गाडीत मात्र बहुधा तिन्ही मापे पाहावी लागतात.

कामाला ठरलेला क्रम आहे. आधी टायरमधली हवा सारखी करायची, हब बेअरिंग आणि सांध्यांतला प्ले तपासायचा. सैल सांध्यावर घेतलेले माप टिकत नाही. मग मागचा ॲक्सल पाहायचा. पाट्याचा मधला बोल्ट तुटून ॲक्सल किंचित सरकला असेल तर मागची चाके गाडीला तिरपी ढकलतात आणि पुढे कितीही जुळवले तरी स्टेअरिंग मध्यावर येत नाही. रबरी बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. जॅकवरून उतरवलेली गाडी थोडी पुढेमागे ढकलून बसू द्यायची. त्यानंतर कॅस्टर, मग कॅम्बर, आणि सर्वांत शेवटी टो, कारण पहिली दोन मापे बदलली की टोही बदलतो. टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे असल्यास मधली नळी फिरवली की रॉड लांब किंवा आखूड होतो. ड्रॅग लिंक असलेल्या गाडीत चाकांमधला टो टाय रॉड ठरवतो, तर स्टेअरिंगचा मध्य ड्रॅग लिंकच्या लांबीवर ठरतो. संगणकीय यंत्र नसेल तिथे गाडीच्या दोन्ही बाजूंना मध्यरेषेला समांतर दोऱ्या ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात.

मापे लहान दिसतात. परिणाम लहान नसतो. सुमारे ६०० मिलिमीटर व्यासाच्या चाकांवर टो ठरलेल्या मापापेक्षा ३ मिलिमीटरने चुकला तर तो फरक २०० भागांत एक भाग इतका होतो. म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा दोन्ही चाके मिळून रस्त्यावर सुमारे ५ मीटर आडवी घासली जातात. शंभर किलोमीटरच्या फेरीत हे घासणे अर्ध्या किलोमीटरवर जाते. टायर उत्तम, रॉड उत्तम, बेअरिंग उत्तम, आणि तरी नुकसान खरे. ज्याचे परिणाम इतके खरे आहेत ते स्वतः खरे नाही असे म्हणणे अवघड आहे. पण ते ज्यात आहे असा एकही भाग काढून दाखवता येत नाही.

इथून तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुरू होतो. पाली ग्रंथ मिलिंदपञ्ह यात भिक्षू नागसेन आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, यांचा संवाद आहे. महाराष्ट्राला ही दोन्ही नावे परिचित आहेत: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन. राजा रथातून आला आहे असे कळल्यावर नागसेन विचारतो, रथ म्हणजे आस का, चाके का, सांगाडा का, जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. हे सारे एकत्र मिळून रथ का, किंवा याहून वेगळे काही रथ का, यालाही तो नाहीच म्हणतो. निष्कर्ष असा की या भागांवर अवलंबून केलेला एक व्यवहार म्हणजे रथ. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने विसुद्धिमग्गात रचनेचा उल्लेख स्पष्टपणे केला: भाग विशिष्ट रीतीने मांडलेले असतात तेव्हा रथ हा व्यवहार होतो. सातव्या शतकातल्या चंद्रकीर्तीने मध्यमकावतारात रथाची सात पर्यायांनी तपासणी केली आणि सातवा पर्याय रचनेचाच घेतला. त्याचा आक्षेप असा की जोडणीपूर्वी चाकाचा जो आकार होता तोच जोडल्यावरही राहतो; मग रथ हा भागांच्या आकारात आला कुठून? आणि समूहाचा आकार म्हणावा, तर भागांहून वेगळा समूहच सिद्ध होत नाही.

न्याय-वैशेषिकांची बाजू याच्या उलट आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत अवयवी सिद्ध करण्यासाठी दिलेल्या युक्तिवादांपैकी एक असा, की वस्तूचा एक भाग धरून ओढला की पूर्ण वस्तू ओढली जाते. निव्वळ ढिगाबाबत असे घडत नाही. स्टेअरिंगच्या एका वर्तुळावर हात ठेवून सारी गाडी वळवता येते, हे त्या युक्तिवादाचे रोजचे उदाहरण म्हणता येईल. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात कारणांचे तीन प्रकार दिले आहेत. वस्त्राचे समवायी कारण म्हणजे तंतू, असमवायी कारण म्हणजे तंतूंचा संयोग, आणि निमित्त कारण म्हणजे विणण्याची साधने वगैरे. या मांडणीत संयोग हा अवयव नाही, पण तो कारण आहे, आणि एकाच वेळी दोन वस्तूंच्या आश्रयाने राहणारा गुण आहे. नवे टाय रॉड एंड हे समवायी कारणाच्या बाजूचे. मिस्त्री, त्याचे पाने आणि दोऱ्या निमित्ताच्या बाजूचे. टो, कॅम्बर आणि कॅस्टर असमवायी कारणाच्या बाजूचे. भाग बदलून गाडी दुरुस्त झाली असे समजणारा या तीन कारणांपैकी एक विसरतो.

अलाइनमेंट या दोन्ही बाजूंना एकेक अडचण दाखवते. नैयायिकाला ती सांगते की नुसता संयोग पुरेसा नाही. सगळे बोल्ट घट्ट आहेत, सगळे अवयव जोडलेले आहेत, तरी गाडी वाकडी चालते. म्हणजे विचारात घ्यायचा तो विशिष्ट प्रकारचा संयोग, आणि तो विशिष्ट कशाने ठरतो हे सांगावे लागते. चंद्रकीर्तीला ती सांगते की भागांचे आकार तेच राहूनही रचना बदलू शकते, आणि त्या बदलाने टायर झिजतात. म्हणून रचना ही भागांच्या आकारांत विरून जात नाही. चंद्रकीर्तीचे उत्तर मात्र तयार आहे: लोकव्यवहारात रथ आहेच, तो कामही करतो, नाकारले आहे ते फक्त त्याचे स्वयंसिद्ध, निरपेक्ष असणे. हे उत्तर गॅरेजमध्ये खरे ठरते, कारण अलाइनमेंट निरपेक्ष नसतेच. मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीची पुढची चाके धावताना रस्त्याच्या रोधामुळे किंचित बाहेर उघडतात. म्हणून उभ्या गाडीत ती मुद्दाम एक-दोन मिलिमीटर आत वळवलेली असतात, म्हणजे धावताना ती समांतर होतील. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता असतो आणि डावीकडून चालणारी गाडी त्या उताराने डावीकडे झुकते. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांत पाट्यांचा बाक वेगळा असतो. सरळपणा हा उभ्या वस्तूचा गुण नसून भार, रस्ता आणि चाल यांच्या संदर्भातला गुण आहे.

यातून एक मध्यम पण ठाम मत निघते. रचना खरी आहे, कारण तिच्या असण्या-नसण्याने परिणाम बदलतो. ती परतंत्र आहे, कारण तिच्या आधारांपैकी काहीही बदलले की ती बदलते. यातली पहिली गोष्ट नैयायिकांनी नीट पाहिली, दुसरी बौद्धांनी. दोन्ही मिळून एक व्यावहारिक नियम येतो: एक अवयव बदलला की संबंध पुन्हा तपासणे हा त्या बदलाचाच भाग आहे, वरचे वेगळे काम नव्हे.

भाग बदललेली गाडी तीच राहते का, हा जवळचा दुसरा प्रश्न. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजासंबंधी तो नोंदवला आहे: जुन्या फळ्या काढून नव्या बसवत गेल्यावर जहाज तेच राहिले की नाही यावर तत्त्वज्ञांत दुमत होते. वैशेषिक मताचे उत्तर कठोर आहे; एक तंतू काढला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन दुसरे उत्पन्न होते. परिवहन कार्यालयाने व्यवहारासाठी वेगळा मार्ग घेतला आहे: गाडीची ओळख सांगाड्यावर कोरलेल्या चॅसिस क्रमांकाला बांधली जाते आणि इंजिन बदलले तर नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. पण तेच-असणे आणि नीट-असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ओळख नोंदवहीने टिकते. सरळ चाल नोंदवहीने येत नाही, ती प्रत्येक वेळी जुळवावी लागते.

नागसेनाचे रथाचे उदाहरण मुळात माणसाविषयी होते. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांवर अवलंबून माणूस हा व्यवहार होतो, असे त्याला सांगायचे होते. रचनेचा मुद्दा मान्य केला तर आचरणाविषयीही काही निष्पन्न होते. चांगल्या सवयी एकेक करून मिळवल्याने जीवन सरळ होईलच असे नाही. नवी सवय जुन्या सवयींशी आणि उद्दिष्टाशी जुळावी लागते. मज्झिमनिकायातल्या महाचत्तारीसक सुत्तात अष्टांगिक मार्गाची अंगे सुटी सांगितलेली नाहीत. सम्यक दृष्टी पुढे चालते आणि तिच्यासह सम्यक व्यायाम व सम्यक स्मृती या प्रत्येक अंगाभोवती राहून त्याला आधार देतात. आठ अंगांची यादी आणि आठ अंगांचा मार्ग यांतला फरक अंगांमधल्या या जुळणीत आहे. अवयव चांगले असणे ही पहिली अट. त्यांचा संबंध नीट असणे ही तितकीच आवश्यक दुसरी अट. आणि हा संबंध परतंत्र असल्याने तो एकदा साधून संपत नाही, आधार बदलतील तेव्हा तो पुन्हा तपासावा लागतो.