दोऱ्याचं माप

मिरजेत सतारी-तानपुरे घडवणाऱ्यांच्या गल्लीला लागून एक दुमजली घर होतं. खाली चाचांचा कारखाना. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे आढ्याला टांगलेले, भिंतीशी अर्धवट झालेले तानपुरे उभे. वरच्या मजल्यावर दोघे भाऊ भाड्यानं राहायचे. थोरला ड्रम वाजवायचा, धाकटा रेकॉर्डिंग करायचा. लग्नाच्या वराती, गणपतीतले ऑर्केस्ट्रा असं करत करत त्यांच्या बँडनं वीस हजार रुपये बाजूला टाकले होते. स्वतःची चार गाणी घरीच रेकॉर्ड करायची ठरलं होतं. पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी म्हणजे किकसाठी आणि समोरच्या छोट्या ड्रमसाठी म्हणजे स्नेअरसाठी गाण्याचे जुने माइक चालणार होते. गाडी अडली ती ओव्हरहेडपाशी.

ड्रमसेटच्या वर टांगलेले दोन माइक म्हणजे ओव्हरहेड. ते फक्त सिंबल, म्हणजे सेटवरच्या झांजा, टिपण्यासाठी असतात असा अनेकांचा समज आहे. खरं तर स्नेअर, टॉम, हायहॅट, वाजवणाऱ्याच्या हाताचं वजन, असं सगळ्या सेटचं चित्र त्याच दोन माइकांत उभं राहतं. बाकीचे माइक त्या चित्राला उठाव देतात.

थोरला म्हणाला, "एकच घेऊ, पण नावाजलेला घेऊ. दुसरा पुढच्या गणपतीनंतर बघू."

धाकट्याला ते पटेना. "ओव्हरहेड जोडीनं लागतात, दादा, आणि दोन्ही एकाच मॉडेलचे. छोट्या डायफ्रॅमच्या कंडेन्सर माइकांच्या जोड्या सॅमसन, बेहरिंगर, रोड अशा कंपन्या विकतात. यातली स्वस्त जोडी घेतली तर निम्मे पैसे वाचतील. स्वस्त माइकची स्वतःची खरखर जरा जास्त असते, पण ती मंद सतारीला नडेल. ड्रमच्या दणक्यात ती कुणाला ऐकू येणार? आपण बघायचं ते एवढंच: जोरदार फटका न फाटता झेलतो का, आवाज उतरवायचं पॅडचं बटण आहे का, आणि सिंबल कानाला टोचत नाहीत ना."

"आणि लेड झेपेलिन?" थोरल्यानं हुकमाचं पान टाकलं. "1968 साली लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्या ग्लिन जॉन्सनं त्यांच्या ड्रमरचे, बॉनमचे, ड्रम न्यूमन कंपनीच्या माइकांवर घेतले होते. स्वस्तातल्या नाही."

"पण किती माइक होते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! एक सेटच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, आणि..."

वाद मिटेना. शेवटी पुण्याच्या एका मित्रानं आपली महागडी जोडी दोन दिवसांसाठी दिली. थोरला खूश झाला. ऐकल्यावर धाकट्याचं तोंड आपोआप बंद होईल, अशी त्याची खात्री होती.

रात्री त्यांनी पहिलं गाणं घेतलं आणि लगेच ऐकलं. सिंबलचा नुसता कल्लोळ होता. स्नेअर पोकळ वाटत होता, जणू शेजारच्या खोलीत वाजतोय. धाकट्यानं तेच मोबाइलच्या एका स्पीकरवर लावलं, तर स्नेअरचा गाभाच नाहीसा झाला. थोरला मटकन खाली बसला. "एवढे महाग माइक लावूनही हे असं? म्हणजे आपल्याला याहूनही भारी लागणार!"

तेवढ्यात चाचा जिना चढून वर आले. गोंगाटाची तक्रार घेऊन आले असतील म्हणून दोघे उठून उभे राहिले.

"चाचा, आवाज फार होतोय का? बंद करतो आम्ही."

"आवाजाचं राहू दे रे. मघाशी खाली ऐकत होतो, तू छान वाजवत होतास. मग या पेटीतनं तसं का येत नाही? परत लाव बघू."

चाचांनी डोळे मिटून ऐकलं. मग ते ड्रमसेटभोवती एक चक्कर मारून आले. सेट कोपऱ्यात भिंतीला चिकटून होता. वर स्लॅब हाताला लागेल इतका जवळ, खाली गुळगुळीत फरशी. माइक स्लॅबपासून वीतभर अंतरावर, एक उंच, एक जरा खाली. जिथं स्टँड मावला तिथं लावलेले.

"आमच्याकडं गिऱ्हाईक येतं," चाचा म्हणाले, "म्हणतं, सतार बोलत नाही, चांगल्यातली विलायती तार घाला. मी तारेला हात लावत नाही. आधी घोडी बघतो. तार घोडीच्या माथ्याला कुठं टेकते, कुठं सुटते, तिथं कानस फिरवून जवारी काढली की तीच तार बोलायला लागते. तुमची तार चांगली आहे पोरांनो. घोडी बघा."

"आमची घोडी म्हणजे काय, चाचा?" थोरल्यानं विचारलं.

"मला काय ठाऊक तुमची यंत्रं? पण हे दोन कान या डफाला सारख्याच अंतरावरनं ऐकतात का?" त्यांनी स्नेअरकडं बोट केलं.

चाचांच्या खिशात दोऱ्याचं रीळ कायम असायचं. तानपुऱ्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून जवारी जुळवतात, त्यासाठी. त्यांनी दोऱ्याचं एक टोक थोरल्याला स्नेअरच्या बरोबर मध्यावर दाबून धरायला लावलं, दुसरं पहिल्या माइकच्या तोंडाशी नेलं आणि तिथं गाठ मारली. मग तोच ताणलेला दोरा दुसऱ्या माइककडं वळवला. गाठ माइकच्या पुढं गेली. धाकट्यानं पट्टी लावली: सतरा सेंटिमीटरचा फरक.

धाकट्याचे डोळे चमकले. आवाज एका सेकंदात साधारण 343 मीटर जातो. सतरा सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर. एक हजार हर्ट्झच्या आसपासची लाट एका माइकमध्ये वर चढत असते तेव्हा दुसऱ्यात ती खाली उतरत असते, आणि दोन्ही एकत्र केल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. स्नेअरचा गाभा तिथंच गेला होता. "दादा, ग्लिन जॉन्सचं मी तेच तर सांगत होतो! त्याचे दोन्ही माइक स्नेअरपासून सारख्याच अंतरावर असायचे."

मग कामाला जोर आला. सेट कोपऱ्यातून काढून खोलीच्या मध्याकडं ओढला. फरशीवर सतरंजी अंथरली. आईनं शिवलेल्या जाड वाकळा सेटच्या वर स्लॅबखाली आणि मागच्या भिंतीला टांगल्या, म्हणजे छतावर आपटलेला आवाज माइकमध्ये लगेच परत शिरणार नाही. थोरल्यानं स्नेअरची झिजलेली स्किन बदलली आणि प्रत्येक बोल्टजवळ काठीनं ठोकत चहूबाजूंचा सूर एक केला. शेवटी दोरा लावून दोन्ही माइक गाठीवर आणून बसवले. मोबाइलवर ऐकलं, तर स्नेअर जागेवर होता.

"आता एक कर," चाचा थोरल्याला म्हणाले. "त्या झांजांवर राग काढू नकोस. डफ जोरात, झांज हलकी. हातानं तोललेलं यंत्राला बिघडवता येत नाही."

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं कोल्हापूरच्या दुकानातून स्वस्तातली एक जोडी आणली. पसंत नाही पडली तर परत, या बोलीवर. त्याच जागी, त्याच दोऱ्याच्या मापानं ती लावली आणि तेच गाणं परत घेतलं. मग दोन्ही रेकॉर्डिंग चाचांना ऐकवली. कोणती कुठली, ते सांगितलं नाही.

चाचांनी दोनदा ऐकलं. "ही दुसरी जरा कोरडी आहे. झांजेची शेपटी खरखरीत लागते. ही स्वस्तातली ना?"

दोघे चकित झाले. उत्तर बरोबर होतं. थोरल्याचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे फरक आहेच की, चाचा."

"आहे तर! फरक नाही असं कोण म्हणतंय? पण हा फरक बोटभर आहे. काल रात्री आधीच्यात आणि नंतरच्यात होता तो हातभर. तो कशानं भरून निघाला?" चाचांनी दोऱ्याचं रीळ वर करून दाखवलं. "आता त्यावर गाणं चढव, गिटार चढव. मग बघ, ते बोटभर तरी उरतंय का."

सगळी वाद्यं चढवून पाहिली तेव्हा तो कोरडेपणा धाकट्यानं वरच्या पट्टीत किंचित उतरवला आणि तो निघून गेला. भावांनी स्वस्त जोडी ठेवली. उरलेल्या पैशांतून न डगमगणारे दोन भक्कम स्टँड, चांगल्या केबल आणि टॉमसाठी नव्या स्किन आल्या. चारही गाणी त्या पावसाळ्यात पुरी झाली. पुण्याच्या मित्रानं ती ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, "माझे माइक वापरलेत ना?"

"पहिल्या रात्री वापरले," थोरला म्हणाला. "ते रेकॉर्डिंग आम्ही पुसून टाकलं."

तात्पर्य: वस्तू महाग घेतली म्हणजे काम चांगलं होतंच असं नाही, आणि स्वस्त घेतली म्हणून ते बिघडतंच असंही नाही. ज्याला जे परवडेल ते त्यानं घ्यावं, पण पैसे मोजण्याआधी अंतर मोजावं, खोली बघावी, वाद्य सुरात आणावं आणि हात तयार करावा. एवढं केल्यावरही काही कमी पडलं, तर ते कुठं कमी पडतंय हे आपल्याच कानांना कळेल, आणि तेव्हा खर्च केलेला प्रत्येक रुपया सार्थकी लागेल.