भीती वाटते, तर भीतीच म्हण

ती. दादास,


चिऊ जेवण टाळते ते मुद्दाम का, असं तू फोनवर विचारलंस. नाही, मुद्दाम करत नाही. ॲनोरेक्सिया हा हट्ट नाही, आजार आहे. आणि मानसिक आजारांत जिवाला सर्वांत जास्त धोका असणाऱ्यांपैकी एक. उपचारांचं डॉक्टर बघतील. मी लिहितेय ते तुमच्या जेवणाच्या टेबलाबद्दल, कारण तिथे तुम्ही सगळेच एकमेकांचे चेहरे चुकीचे वाचताय.

आधी तिची बाजू. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांची एक चाचणी आहे. 36 फोटो, प्रत्येकात फक्त डोळे. त्यांवरून त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं. भावना ओळखण्याच्या अशा चाचण्या या आजारात जड जातात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, सगळ्यांत नाही. रागावलेला किंवा नापसंतीचा चेहरा मात्र अनेकींची नजर चटकन टिपते. तू काळजीने आठ्या घालून बसतोस आणि तिला दिसतं, बाबा चिडलेत. आपली आई मायेने म्हणते, "आज जरा अंगावर मांस दिसतंय गं," आणि तिला ऐकू येतं, तू जाड झालीस.

आता तुमची बाजू. तिचा चेहरा कोरा असतो, म्हणून तुम्ही तिला मग्रूर ठरवता. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांना असं आढळलं, की या रुग्णांच्या चेहऱ्यावर गमतीची फिल्म बघतानाही इतरांपेक्षा कमी हसू उमटतं. चेहऱ्यावर नाही म्हणजे मनातही नाही, असं समजू नकोस.

शिवाय यातलं बरंचसं नुसत्या उपासमारीनेही होतं. 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं. हसरी, मिळून-मिसळून राहणारी मुलं चिडचिडी झाली, मित्रांना टाळू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली. तेव्हा आपली चिऊ कुठे गेली म्हणून वहिनी रडते ना, तिला सांग, पोट भरायला लागल्यावर चिऊ हळूहळू परत दिसू लागते. जेवण आधी, समजूत नंतर. भुकेल्या मेंदूशी वाद घालून काही हाती लागत नाही.

पॅरिसच्या लासेग या डॉक्टरांनी 1873 मध्येच लिहून ठेवलंय, की अशा घराला दोनच उपाय सुचतात: विनवण्या आणि धमक्या. तुमच्या घरी धमक्या तुझ्याकडे, विनवण्या वहिनीकडे. जॅनेट ट्रेझर या लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ पालकांना हेच प्राण्यांच्या रूपात सांगतात. अंगावर धावून जाणारा तो गेंडा, पिल्लाला पिशवीत घालून फिरणारी ती कांगारू. त्यांना हवा असतो डॉल्फिन: कधी पुढे, कधी बाजूने, कधी मागून सोबत पोहणारा. वहिनी तिच्यासाठी वेगळी बिनतेलाची भाजी करते, पोळ्या वजनकाट्यावर मोजू देते, ही कांगारूची पिशवी. त्यात माया आहे, पण आजारही तिथेच सुखात राहतो.

म्हणून काय करायचं? काय आणि किती वाढायचं ते तुम्ही दोघांनी आधीच ठरवा, तेही आहारतज्ज्ञांना विचारून. ताटावर घासाघीस नको. 1980च्या दशकात लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये हीच दिशा धरली गेली: आई-वडिलांना दोषी धरण्याऐवजी काही काळ जेवणाची सूत्रं त्यांच्या हाती द्यायची. किशोरवयीन मुलींत हा उपचार चांगला लागू पडतो. तेव्हा आपलंच चुकलं हे घोकणं थांबवा.

आणि मनातलं चेहऱ्यावर सोडू नका, तोंडाने सांगा. "मी चिडलो नाहीये चिऊ, मला भीती वाटतेय. हे ताट संपेपर्यंत मी इथेच बसतो." तुला हे अवघड जाईल, ठाऊक आहे, भावना गिळायची रीत आपल्या घरात बाबांपासूनच आहे. तिच्या मनातलंही ओळखू नकोस, विचार. "मला असं वाटतंय की तू घाबरलीयेस, बरोबर आहे का?" ती नाही म्हणाली तर नाही.

आईला एवढंच सांग, की वजन, रंग, तेज, बारीक, जाड यांतलं काहीच बोलायचं नाही, कौतुकानेही नाही. संकष्टी, एकादशी सध्या चिऊसाठी बंद, देवाला कळतं. धाकट्याला तिच्यावर पहारेकरी म्हणून बसवू नका. तो तिचा भाऊच राहू दे, पत्ते खेळू दे.

चक्कर, छातीत धडधड, खूप मंद नाडी, वारंवार उलट्या यांतलं काही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. आणि फार दिवसांच्या उपाशी शरीराला एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. रात्री-अपरात्री मन सैरभैर झालं तर टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे, तो तुमच्यासाठीही आहे.

रविवारी फोन करा, पण दोघं मिळून. एकट्याने केलास तर मी पहिल्यांदा हेच विचारीन, की वहिनीशी ठरवलंस का?

तुझी,
धाकटी