गुरू मेक्सिकोचा, शिष्य मुंबईचा

रोलेक्सच्या कलाविषयक गुरू-शिष्य योजनेत २०१६ साली मुंबईचे चित्रपट दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांना गुरू मिळाले ते मेक्सिकोचे दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरॉन. तेव्हा कुआरॉन ‘रोमा’ चित्रित करत होते आणि ताम्हाणे सेटवर जाऊन ते बघत होते. पुढे ताम्हाण्यांच्या ‘द डिसायपल’चे (२०२०) कुआरॉन कार्यकारी निर्माते झाले आणि त्या चित्रपटाला व्हेनिसमध्ये पटकथेचं पारितोषिक मिळालं. यावरून थोरल्याने धाकट्याला घडवलं, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

दोन्ही चित्रपट नेटफ्लिक्सवर आले, म्हणून तेलंगणातल्या आमच्या मंचेरियलसारख्या कोळशाच्या गावात बसूनही ते लागोपाठ पाहता येतात. कुआरॉनच्या शैलीचा विषय निघाला की लोक लांबलचक शॉटबद्दल बोलतात. तो शॉट कशासाठी, हे मात्र राहून जातं. ‘इ तू मामा ताम्बिएन’मध्ये (२००१) दोन पोरं मजेत गाडीतून निघालेली असतात आणि निवेदक मध्येच सांगतो, की रस्ता तुंबलाय तो एक गवंडी गाडीखाली मेला म्हणून. पोरांना त्याचं काहीच नसतं. नंतर हॅरी पॉटर झाला, ‘ग्रॅव्हिटी’ला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, पण मुख्य गोष्टीच्या कडेला आजूबाजूचं जग दाखवायची ही खोड सुटली नाही. ‘रोमा’त (२०१८) घरकाम करणारी, दिवस भरत आलेली क्लिओ पाळणा घ्यायला दुकानात जाते, कॅमेरा सावकाश खिडकीकडे वळतो आणि खाली रस्त्यावर १० जून १९७१ चं विद्यार्थ्यांचं हत्याकांड चाललेलं दिसतं. इतिहास पार्श्वभूमीला असतो, पण अंधुक नसतो. काहींना हे सगळं संथ वाटतं, वाटू द्या.

आता ताम्हाण्यांचा ‘कोर्ट’ आठवा. एका लोकशाहिरावर खटला चालतो आणि त्याच्याविरुद्ध उभी राहणारी सरकारी वकील संध्याकाळी लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला बसते. नाटकात परप्रांतीयाची टर उडवली जाते आणि प्रेक्षागृह हसतं. न्यायालयात जे घडतं त्याची मुळं त्या हशात आहेत. कॅमेरा जागचा हलत नाही, पण नजर तीच. आणि ‘कोर्ट’ २०१४ चा आहे, गुरुभेटीच्या आधीचा! कुआरॉनने ही नजर दिली नाही. फार तर ओळखली. ‘द डिसायपल’चा नायक शरद तर गुरूची गायकी गिरवत अर्धं आयुष्य घालवतो आणि ती गळ्यात उतरत नाही. जगप्रसिद्ध गुरू लाभलेल्या माणसाने नेमका असा शिष्य लिहावा, यात मला धिटाई दिसते.

ही नजर आमच्याकडेही वळवता येईल. आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीला २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा आजही जुळत नाहीत. त्या दिवशी मंचेरियलच्या एखाद्या मराठी घरात जेवणं नेहमीसारखीच झाली असतील. असं घर आणि तो सोमवार चित्रपटाच्या एका चौकटीत कोणी मांडायला घेतला, तर घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि इंद्रवेल्लीत गोंडी, अशा तिन्ही भाषा ठेवाव्या लागतील. ‘रोमा’तली क्लिओ मालकिणीशी स्पॅनिश आणि स्वयंपाकघरातल्या मैत्रिणीशी मिश्तेक बोलते; कुआरॉनने दोन्ही ठेवल्या. आपल्याकडे निर्माता सगळ्यात आधी एकच भाषा कर म्हणेल.